अलाबामा: किराण्यावरचा कर आणि माँटगोमेरीकडे न बघणारे आपण

निशांत_मॅडिसन

१ सप्टेंबर २०२५ पासून अलाबामात किराणा मालावरचा राज्याचा विक्रीकर ३ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. २०२३च्या ऑगस्टपर्यंत तो ४ टक्के होता. गणपती बसलेले असतानाच हा बदल झाला आणि आपल्या हंट्सव्हिल-मॅडिसनच्या ग्रुपवर त्याबद्दल एक ओळही आली नाही. त्याच दिवसांत वॉशिंग्टनमधल्या घडामोडींवर मात्र रात्र-रात्र वाद चालले होते.

हे मला मनापासून खटकतं. घरखर्च, मुलांची शाळा, दवाखाना या सगळ्याला हात लावणारे कायदे बहुतेक राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरीत होतात. इतर राज्यांपेक्षा इथे हे जास्तच खरं आहे, कारण इथली १९०१ सालची राज्यघटना. तिने काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, स्वतःचे असे फारच थोडे अधिकार ठेवले. एखाद्या काउंटीला नवीन काही करायचं तर विधिमंडळाकडून कायदा करून आणावा लागतो, आणि कित्येकदा तर थेट घटनादुरुस्तीच लागते. आमच्या शेजारच्या लाइमस्टोन काउंटीत मेलेल्या गुराढोरांची विल्हेवाट लावता यावी म्हणून केलेली घटनादुरुस्ती आहे, क्रमांक ४८२. अशा करत करत दुरुस्त्या साडेनऊशेच्या वर गेल्या आणि अलाबामाची राज्यघटना साडेतीन लाखांहून जास्त शब्दांची झाली. भारताची घटना लांबलचक म्हणून आपण सांगतो, ती हिच्या निम्मीही भरत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इथे राहताना राज्याच्या कुठल्या कायद्याने तुमच्या रोजच्या आयुष्यात फरक पडला? आणि तिकडे लक्ष ठेवायला तुम्ही काय करता?

पल्लवी_बर्मिंगहॅम

मला हे खरंच माहीत नव्हतं. पण मग बिलावर २ टक्के का दिसत नाहीत? कालच इंडियन ग्रोसरीत गेले होते, कर बराच जास्त लागला.

निशांत_मॅडिसन

पल्लवी, २ टक्के फक्त राज्याचा वाटा. शहराचा आणि काउंटीचा कर वेगळा असतो आणि तो तसाच आहे. हंट्सव्हिलमध्ये इतर वस्तूंवर एकूण ९ टक्के लागतात, किराण्यावर आता ७.

किराणा कशाला म्हणायचं हेही कायद्यात ठरलेलं आहे: फूड स्टॅम्पवर (गरिबांसाठीच्या सरकारी अन्नमदतीवर) जे घेता येतं ते. म्हणजे तांदूळ, डाळी, कणीक, तूप, मसाले, बाकरवडीचं पाकीट हे सगळं कमी दरात. त्याच दुकानातला गरम समोसा, उदबत्ती, कापूर, कुकरची रिंग यांना पूर्ण दर. बिल एकदा ओळ न् ओळ वाचून बघ. दुकानदाराच्या मशीनमध्ये नवा दर भरला नसेल तर त्याला सांग, आनंदाने दुरुस्त करतात.

सातारी_तात्या

मी साताऱ्यात असतो, मुलगी तुमच्याच राज्यात आहे म्हणून हा धागा आवर्जून वाचतोय. आमच्याकडे सुट्या धान्या-डाळींना जीएसटी नाही, पॅकबंद घेतलं तर ५ टक्के. त्यामुळे जेवणाच्या जिनसांवर ७ टक्के वाचून धक्का बसला. गरीब माणसाचा तर निम्मा पगार पोटावरच जातो.

दुसरं म्हणजे ते मेलेल्या जनावराचं. आमच्या गावात हा विषय ग्रामपंचायतीत चहा यायच्या आत मिटतो! महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ला आल्या, पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतराज पक्कं झालं. भांडणं, गटतट सगळं आहे, पण गावाचं गावात ठरवता येतं. तुमच्याकडे असं का नाही? कुणी नीट समजावून सांगेल का?

मोबीलकर

तात्या, मी सांगतो. गेली बरीच वर्षं दक्षिण टोकाला, मोबील बेच्या काठी राहतोय आणि हा माझा आवडता विषय आहे.

यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला. अलाबामाच्या मधल्या पट्ट्यात, जिथे कापसाचे मळे होते, तिथे ते बहुसंख्य होते. हाच पट्टा ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणून ओळखला जातो; नाव काळ्याभोर मातीवरून पडलं आणि ती माती आपल्या रेगुरासारखी, कापसाला उत्तम. १९०१ साली घटना लिहायला जे अधिवेशन भरलं त्याचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी उद्घाटनाच्या भाषणातच सांगून टाकलं, की या राज्यात गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याने पक्कं करायचं आहे. मतदानासाठी पोल टॅक्स भरा, अक्षरओळख दाखवा, मालमत्ता दाखवा अशा अटी आल्या. कृष्णवर्णीय तर यादीतून जवळजवळ पुसलेच गेले, पण हजारो गरीब गोरे शेतकरीही गेले. आणि एखाद्या काउंटीत उद्या भलत्याच लोकांच्या हातात सत्ता गेली तरी त्यांना काही करता येऊ नये म्हणून सगळी दोरी माँटगोमेरीत ठेवली. कर किती लावायचा याची मर्यादासुद्धा घटनेतच लिहून ठेवली, म्हणजे बड्या जमीनदारांवरचा बोजा कायम हलका.

पोल टॅक्स वगैरे केंद्राच्या कायद्यांनी आणि न्यायालयांनी १९६०च्या दशकात संपवलं. घटनेतली वर्णद्वेषी भाषा मात्र कागदावर राहिली. ती काढून घटना नव्याने मांडली आणि नोव्हेंबर २०२२मध्ये मतदारांनी त्याला मंजुरी दिली. पण दोरी अजून तिथेच आहे. याचं ताजं उदाहरण बर्मिंगहॅमचं. तिथल्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०१६मध्ये किमान वेतन तासाला १०.१० डॉलर केलं. विधिमंडळाने त्याच महिन्यात कायदा करून शहरांना असं करण्यापासून रोखलं आणि तो ठराव रद्द झाला. अलाबामाचं स्वतःचं किमान वेतनच नाही, केंद्राचं ७.२५ डॉलर लागू आहे. शहरात मतदान करून तुम्ही निवडून दिलेली माणसं ठराव करतात आणि दीडशे किलोमीटरवरून तो पुसला जातो. निशांत म्हणतो ते अगदी बरोबर आहे, लक्ष तिकडेच हवं.

पल्लवी_बर्मिंगहॅम

मोबीलकर, तो ठराव झाला तेव्हा मी इथे नव्हते, पण शेजारच्या डेकेअरमधल्या बायका अजून त्याबद्दल बोलतात. तासाला दोन-तीन डॉलर म्हणजे त्यांच्यासाठी महिन्याचं वीजबिल.

शर्वरी_के

मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते. किराण्यावरचा कर कमी झाला याचा सगळ्यांना आनंद झालाय, तेव्हा थोडं वेगळं बोलते.

अलाबामात राज्याचा आयकर आणि विक्रीकर हे मुख्यतः एज्युकेशन ट्रस्ट फंडात जातात. शिक्षकांचे पगार, बस, कम्युनिटी कॉलेज हे सगळं त्यातून. किराण्यावरचा एक टक्का कमी केला की त्या फंडातून वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम जाते. म्हणूनच २०२३च्या कायद्यात अट होती, की फंडाची वाढ ३.५ टक्के झाली तरच पुढचा टक्का कमी होईल. २०२४ला ती वाढ झाली नाही म्हणून कपात लांबली आणि २०२५मध्ये वेगळा कायदा करून ती केली.

कर गरिबांवर पडतो हे मला शंभर टक्के मान्य आहे, तात्या. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांचं दिवसातलं पोटभर जेवण शाळेत होतं. अलाबामा अराइज या संस्थेने हा कर काढण्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्यात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण विक्रीकर कमी करायचा, घरपट्टी देशात सगळ्यात कमी असलेल्या राज्यांत आपण, ती वाढवायला कोणी तयार नाही, मग शाळा कशावर चालवायच्या? हा प्रश्न ज्या ताटात वाढला जातो ते ताट मुलांचंच आहे. दोन्हीकडून.

टेनेसीकाठ

आम्ही सीमेच्या पलीकडे. आमच्याकडे पगारावर आयकर नाही, पण किराण्यावर राज्याचा ४ टक्के कर आहेच. मिसिसिपीने जुलै २०२५मध्ये ७चा ५ केला. जॉर्जियात राज्याचा कर नाही, स्थानिक लागतो. तेव्हा दक्षिणेत फिराल तिथे थोडंफार हेच.

शर्वरीताई, शाळांच्या पैशांबद्दल म्हणाल तर तुमच्या लोकांचे पैसे आमच्याकडे येतात ना! शनिवारी सकाळी आर्डमोरला या. अर्धं गाव अलाबामात, अर्धं टेनेसीत. लॉटरीचं तिकीट विकणाऱ्या दुकानासमोर निम्म्याहून जास्त गाड्यांना अलाबामाची नंबरप्लेट. त्या तिकिटांतून आमच्या मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. जॉर्जियाने हे १९९३पासून केलंय.

भाऊ_हंट्सव्हिल

लॉटरी नसलेली देशात पाचच राज्ये उरली आहेत, त्यात आपण. १९९९मध्ये राज्यपाल सीगलमन यांनी शिक्षणासाठी लॉटरीचा प्रस्ताव मतदानाला ठेवला होता. लोकांनी तो नाकारला. चर्चनी जोरदार विरोध केला होता. २०२४मध्ये पुन्हा विधेयक आले, सिनेटमध्ये एका मताने पडले. मला व्यक्तिशः लॉटरी नको वाटते. तिकिटे कोण घेतो ते आर्डमोरला उभे राहून पाहिले आहे. जो किराण्याच्या कराने पिचतो तोच तिकीटही घेतो. त्याच्याकडून शाळा चालवून घेणे मला पटत नाही.

टेनेसीकाठ

भाऊकाका, पटतंय. पण तो तिकीट घेतोच आहे, फक्त सीमा ओलांडून. पैसा तरी घरात राहील.

शर्वरी_के

लॉटरीवर वेगळा धागा काढा बरं, नाहीतर सगळं तिकडेच जाईल. :)

एक चांगला कायदा सांगते. २०२५पासून शाळेत घंटा ते घंटा फोन बंद. मे महिन्यात राज्यपाल आयव्हींनी सही केली आणि ऑगस्टपासून लागू झालं. पालकांनी खूप काळजी केली होती, पण डब्याच्या सुट्टीत मुलं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागलीत, मधल्या वेळेत पत्ते खेळतात. असा आवाज कितीतरी वर्षांनी ऐकतेय. कुठल्या पक्षाने केलं याच्याशी मला देणंघेणं नाही, मनापासून धन्यवाद.

अनुप_ऑबर्न

मी विद्यार्थी आहे, मत नाही, आणि पुढे नोकरी लागली तरी कैक वर्षं मिळणार नाही. मग माँटगोमेरीकडे बघून करायचं काय? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतोय.

तसा एका कायद्याशी माझा थेट संबंध आला. इथल्या शाळांमध्ये १९९३पासून योगावर बंदी होती. राज्याच्या शिक्षण मंडळाने योग, संमोहन आणि ध्यान यांना एका यादीत टाकलं होतं. आमच्या शेजारच्या ओपेलायकाचे आमदार जेरेमी ग्रे यांनी ती उठवायचा ध्यास घेतला. ते कॉलेजात फुटबॉल खेळायचे आणि त्या निमित्ताने योग करायला लागले. २०२१मध्ये कायदा झाला. पण त्यात लिहिलंय की आसनांची नावं इंग्रजीतच घ्यायची, मंत्र, मुद्रा, नामजप चालणार नाही, ‘नमस्ते’ म्हणायचं नाही, आणि पालकांची लेखी परवानगी हवी. मी एका शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला गेलो तेव्हा हे सगळं समजावून सांगितलं. शाळेतल्या बाई इतक्या आपुलकीने बोलत होत्या की राग कोणाचा करावा कळेना. मुलं मात्र मस्त शिकली.

सातारी_तात्या

अनुप, शिकवत राहा बाळा. सूर्यनमस्काराला इंग्रजीत काहीही म्हणोत, पाठीचा कणा तेवढाच सरळ होतो.

पल्लवी_बर्मिंगहॅम

तात्यांना +१. पण मला याचं वाईट वाटतं. आमच्या पेलहॅमच्या देवळात दर दिवाळीला शेजारचे चर्चवाले, शाळेतले शिक्षक येतात, हात जोडून नमस्कार करतात, लाडू खातात. त्यांना कोणालाच धर्म बाटल्यासारखं वाटत नाही. कायदा करणाऱ्यांनी एकदा येऊन बघितलं असतं तर हे कलम राहिलं नसतं, असं मला खरंच वाटतं. आपण त्यांना बोलावलं का, हाही विचार मनात येतो.

मोबीलकर

पल्लवी, विधेयक चर्चेला असताना काही ख्रिस्ती पुराणमतवादी गटांनी सुनावणीत येऊन विरोध नोंदवला. ती बंधनं त्या विरोधाला उत्तर म्हणूनच आली. सुनावणीला जो हजर असतो त्याचं कलम कायद्यात जातं. अनुपच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे: सुनावणीला मतदार ओळखपत्र मागत नाहीत.

डॉ_मीरा

बरेच दिवस लिहायचं टाळत होते, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

१६ फेब्रुवारी २०२४ला अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेला भ्रूणसुद्धा १८७२च्या एका कायद्याखाली ‘मूल’ धरायचा. त्या कायद्यात अल्पवयीन मुलाच्या मृत्यूबद्दल आईवडिलांना दावा लावता येतो. म्हणजे भ्रूण हाताळताना काही झालं तर डॉक्टरवर तसा दावा. काही दिवसांतच बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाच्या रुग्णालयाने आणि आणखी काही केंद्रांनी आयव्हीएफ थांबवलं. मी त्या शाखेची नाही, पण माझ्याकडे नेहमी येणारी एक मुलगी, आपलीच, इंजेक्शनं सुरू झालेल्या अवस्थेत होती. आयव्हीएफचं एक चक्र म्हणजे महिनोन्‌महिन्यांची तयारी. दररोज पोटात सुई, सतत रक्त तपासणी, सोनोग्राफी, आणि मग एका ठरावीक दिवशीच पुढची पायरी. ती पायरी पुढे ढकलता येत नाही. तिला फोन आला की आत्ता काही करता येणार नाही. तिच्या नवऱ्याने अटलांटात जागा शोधली, रजा टाकली, खर्च अंगावर घेतला. ज्यांच्याकडे रजा नाही आणि पैसे नाहीत अशा बायकांचं काय झालं असेल याचा मी अजून विचार करते.

आता निशांतच्या मुद्द्यावर येते. निकालानंतर राज्यभरातून बायका माँटगोमेरीत गेल्या. नारिंगी कपडे घालून, बाळांचे फोटो घेऊन. त्यातल्या पुष्कळ जणी आयुष्यभर रिपब्लिकनांना मत देणाऱ्या, चर्चला जाणाऱ्या. आणि ६ मार्चला राज्यपालांनी डॉक्टरांना आणि केंद्रांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत. भ्रूणाला कायद्याने काय मानायचं हा मूळ प्रश्न त्यात सोडवलेला नाही, त्यामुळे माझी धास्ती पुरती गेलेली नाही. पण फोन खणखणले की हे विधिमंडळ किती वेगाने हलतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. किराण्याच्या करावर असे फोन खणखणले नाहीत म्हणून त्याला एवढी वर्षं लागली.

शर्वरी_के

मीरा, लिहिलंस ते फार बरं केलंस.

अनुप_ऑबर्न

डॉक्टर, हे वाचून माझा ‘करायचं काय’ हा प्रश्न थोडा मागे घेतो.

भाऊ_हंट्सव्हिल

एक चांगली बाजूही नोंदवतो. नव्याने येणाऱ्यांना फक्त कायदे वाचून भीती वाटायला नको.

२७ एप्रिल २०११. एका दिवसात राज्यात ६२ टोर्नेडो. दोनशेहून जास्त माणसे गेली, टस्कलूसाचा एक भाग सपाट झाला. आमच्या भागात ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या पडल्या आणि हंट्सव्हिलमध्ये आठवडाभर अंधार होता. पेट्रोल पंप बंद, एटीएम बंद. पहिल्याच संध्याकाळी शेजाऱ्यांनी आपापल्या फ्रीजमधले सगळे बाहेर काढले आणि गल्लीत शेगड्या मांडल्या. आम्ही शाकाहारी, हे लक्षात ठेवून पलीकडच्या आजींनी आमच्यासाठी वेगळ्या जाळीवर कणसे आणि भोपळी मिरच्या भाजल्या. चर्चची माणसे दारोदार पाणी आणि बर्फ देत फिरत होती, कोणत्या चर्चला जाता हे त्या आठवड्यात कोणीही विचारले नाही. एरवी पहिला प्रश्न तोच असतो.

कायद्याचेच म्हणाल तर, २०१२च्या एका कायद्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटच्या पूर्ण शुक्रवार-शनिवार-रविवारी बॅटऱ्या, हवामान रेडिओ, ताडपत्री, जनरेटर अशा वस्तूंवर राज्याचा विक्रीकर नसतो. नवीन लोकांनी जरूर फायदा घ्या. आणि टीव्हीवर हवामान सांगणारे जेम्स स्पॅन यांनी कोट काढून बाह्या वर केल्या की काम सोडून आतल्या खोलीत जा. हा इथला अलिखित कायदा आहे.

पल्लवी_बर्मिंगहॅम

स्पॅनकाकांच्या कोटाखालच्या गॅलिसच्या पट्ट्यांवर आमच्या घरात पूर्ण विश्वास. माझी पाच वर्षांची मुलगी त्यांचा कोट दिसेपर्यंत निवांत खेळते.

रेवती_प

भाऊकाका, तुम्ही लिहिलंत ते मीही अनुभवलंय, आणि तरीही दुसरं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फेब्रुवारी २०१५मध्ये आपल्याच मॅडिसनमध्ये एक गुजराती आजोबा नातवाला सांभाळायला आले होते. सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला, की एक अनोळखी माणूस घरांकडे बघत फिरतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. मानेला इजा झाली, अंग लुळं पडलं. गाडीतल्या कॅमेऱ्याची चित्रफीत सगळ्या जगाने पाहिली. राज्यपालांनी भारताची माफी मागितली. त्या पोलिसावर केंद्राने खटला भरला, दोनदा ज्युरींचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

माझे आईबाबा दर वर्षी येतात. बाबांना पहाटे फिरायची सवय, डोक्याला मफलर, हातात काठी. त्या वर्षी मी त्यांना सांगितलं की एकटे जाऊ नका. त्यांनी विचारलं, ‘का गं, इथे चालायला बंदी आहे का?’ मला उत्तर देता आलं नाही. अजूनही ते आले की मी पहिल्या दोन दिवसांत दोन्ही बाजूच्या पाच-सहा घरांत त्यांना घेऊन जाते, ओळख करून देते. खिशात पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. शेजारी प्रेमाने बोलतात, एकीने तर आईकडून पुरणपोळी शिकून घेतली. पण वडिलांनी रस्त्यावर चालावं यासाठी मुलीने आधी गल्लीभर ओळख परेड करावी लागते, हे मला डाचतं, आणि डाचत राहणार.

भाऊ_हंट्सव्हिल

रेवती, तुझे डाचणे रास्त आहे. माझ्या आठवणीने ते पुसले जात नाही आणि मला ते पुसायचेही नाही. त्या घटनेनंतर नगर परिषदेच्या सभेला आपली बरीच माणसे गेली होती. त्याआधी त्या सभागृहात आम्हाला कोणी पाहिलेच नव्हते. पुढे जायचे मात्र हळूहळू बंद झाले.

मोबीलकर

हे ‘बंद झाले’ फार महत्त्वाचं आहे. माँटगोमेरी लांब आहे, पण शहराची सभा दहा मिनिटांवर असते. आणि संख्या कमी म्हणून उपयोग नाही असं कोणी म्हणू नका. डिसेंबर २०१७ची अमेरिकी सिनेटची निवडणूक आठवा. डग जोन्स साधारण २२ हजार मतांनी जिंकले, सगळ्या राज्यात मिळून. अमेरिकी काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमांचा खटला घ्या: राज्यात सव्वा टक्का-पाव टक्का नव्हे, चौथा हिस्सा लोकसंख्या कृष्णवर्णीय, आणि सातपैकी एकाच मतदारसंघात त्यांचं मत निर्णायक. साधे मतदार न्यायालयात गेले, जून २०२३मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले, आणि २०२४मध्ये नव्या सीमांवर माझ्या भागातून शोमारी फिगर्स निवडून गेले. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या यापेक्षा कितीतरी कठीण परिस्थितीत सभागृहाची दारं ठोठावलीत. १९६५मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर जिथे पोलिसांनी लाठ्या चालवल्या तो सेल्माचा पूल माझ्या घरापासून तीन तासांवर आहे. आपण तिथे फोटो काढायला जातो, तर निदान आपल्या शहराच्या सभेला जायला हरकत नाही.

टेनेसीकाठ

वाचतोय. आमच्याकडेही हेच करायला हवं.

अवांतर: आयर्न बोलला, म्हणजे ऑबर्न आणि टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ यांच्या फुटबॉल सामन्याला, यंदा कोण कोण जमणार? माझी बहीण ऑबर्नची, मेव्हणे टस्कलूसाचे. त्या शनिवारी हरेल त्याने भांडी घासायची असा करार आहे.

अनुप_ऑबर्न

वॉर ईगल, ही आमची ऑबर्नची आरोळी! मेव्हण्यांना साबण आणून ठेवायला सांगा.

शर्वरी_के

रोल टाइड, ही अलाबामावाल्यांची आरोळी. एवढंच बोलते, शिक्षिका आहे. :)

मूळ विषयावर येते. निशांत, मॅडिसनचं उदाहरण तूच द्यायला हवं होतंस. २०२१मध्ये शाळांसाठी १२ मिलची घरपट्टी वाढ मतदानाला आली होती. इथे ती वाढवायची तर शहराला स्वतः ठरवता येत नाही. जाहीर सुनावणी, मग विधिमंडळाची मंजुरी, मग मतदान, असे तीन टप्पे. नवीन लोकांसाठी हिशोब: राहत्या घराच्या किमतीच्या १० टक्के रक्कम धरतात आणि त्यावर दर हजारी १२ डॉलर. तीन लाखांच्या घराला वर्षाला ३६० डॉलर. लोकांनी मतदान करून ती वाढ स्वतःहून अंगावर घेतली, कारण शाळांत मुलं मावत नव्हती. तेव्हा ‘इथले लोक कर म्हटलं की नाहीच म्हणतात’ असं नाही. पैसा कुठे जाणार हे दिसलं की देतात. माझा किराण्याच्या कराला विरोध नाही, पर्याय दाखवा एवढंच म्हणणं आहे.

निशांत_मॅडिसन

शर्वरी, बरोबर. त्या मतदानात आपल्या बऱ्याच लोकांनी भाग घेतला होता, कारण शाळा डोळ्यासमोर होती.

सगळ्यांचं वाचून आता एक प्रत्यक्ष गोष्ट मांडतो. २०२५च्या कायद्याने शहरांना आणि काउंट्यांनाही किराण्यावरचा त्यांचा वाटा कमी करायची मुभा दिली आहे. म्हणजे उरलेल्या ५ टक्क्यांपैकी मोठा भाग आपल्या नगर परिषदेच्या हातात आहे. हे माँटगोमेरीत जाऊन मागायची गरज नाही. माझं मत: एकदम शून्य नको, थोडा थोडा कमी करावा, आणि त्यातून शाळांना मिळणाऱ्या पैशाला धक्का लागत असेल तर किती, ते आधी जाहीर मागून घ्यावं. शर्वरी, तो आकड्यांचा भाग तू बघशील का?

अनुप, सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलास की पुरे. नाव-पत्ता सांगायचा आणि दिलेल्या वेळात बोलायचं. विधिमंडळाचं २०२६चं अधिवेशन १३ जानेवारीला सुरू होण्याचं ठरलं होतं. विधेयकं त्यांच्या संकेतस्थळावर आधीच दिसतात, समितीच्या सुनावण्याही घरबसल्या ऐकता येतात. दर आठवड्याला एकाने चार ओळी मराठीत लिहून इथे टाकल्या तरी खूप झालं. मी जानेवारीचा पहिला आठवडा घेतो.

डॉ_मीरा

आरोग्याच्या समितीवर मी लक्ष ठेवते.

शर्वरी_के

शिक्षणाचं आणि फंडाचं माझ्याकडे. पण उत्तर तुला आवडेल असंच येईल याची खात्री देत नाही.

रेवती_प

मी मॅडिसनच्या सभेला येते. बाबा ऑक्टोबरमध्ये येतायत, त्यांनाही घेऊन येईन. त्यांना तालुका पंचायतीच्या सभांचा चांगला सराव आहे.

सातारी_तात्या

मुलीला हा धागा पाठवलाय. ती डोथनला असते, तिकडे कोणी असेल तर जरूर कळवा, तीही लिहायला तयार आहे. आणि ते समोशाचं मला अजून नीट समजलं नाही. गार करून विकला तर कर कमी का?

निशांत_मॅडिसन

तात्या, गोठवलेल्या समोशाचं पाकीट घरी नेऊन तळलं तर किराण्याचा दर. दुकानात गरम करून दिला तर पूर्ण. तुमच्या मुलीला सांगा, डोथनसाठी दुसरं कोणी नाही, तिचं नाव घालतो.